चौथी पट्टी

आज 17 सप्टेंबर, मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन. जालन्यात ध्वजवंदन होईल, हुतात्म्यांना मानवंदना दिली जाईल. ते व्हायलाच हवे. पण त्याच काळातले आणखी एक नाव आज घ्यावेसे वाटते, वैमानिक प्रेम माथुर यांचे.

निझामाची रेल्वे आणि टाटा यांनी मिळून 1945 मध्ये डेक्कन एअरवेज काढली. प्रेम माथुर यांनी 1947 मध्ये व्यावसायिक वैमानिकाचा परवाना मिळवला, तेव्हा आठ कंपन्यांनी त्यांना परत पाठवल्याचे सांगतात. बाई विमान चालवते म्हटल्यावर प्रवासी बिचकतील, ही सबब. दार उघडले ते हैदराबादच्या या कंपनीने. ज्या राजवटीशी आपली माणसे लढली, तिच्याच पैशांतून उभी राहिलेली ही कंपनी! इतिहास आपल्या सोयीने वागत नाही. अर्थात दार उघडले तेही अर्धेच. उड्डाणाचे तास भरले, तरी विमानाची पूर्ण सूत्रे काही मिळाली नाहीत. 1953 मध्ये त्या इंडियन एअरलाइन्समध्ये गेल्या.

वैमानिकाच्या गणवेशात बघायच्या त्या खांद्यावरच्या पट्ट्या. तीन असल्या तर सहवैमानिक, चार असल्या तर कॅप्टन. विमान न्यायचे की माघारी फिरवायचे, हा शेवटचा शब्द त्या चौथ्या पट्टीचा. अमेरिकेत एमिली हॉवेल वॉर्नर 1973 मध्ये फ्रंटियर एअरलाइन्समध्ये रुजू झाल्या; कॅप्टन व्हायला 1976 उजाडले. त्यांचा गणवेश आज स्मिथसोनियन संग्रहालयात आहे. आपल्याकडे कॅप्टन सौदामिनी देशमुख यांनी 1985 मध्ये कलकत्त्याहून सिलचरला फोकर नेले, सहवैमानिक होत्या निवेदिता भसीन. विमानाच्या कर्मचारी सगळ्या महिलाच, असे ते देशातले पहिले उड्डाण. आज भारतात दर शंभरात सुमारे 15 वैमानिक महिला आहेत, जगात जेमतेम 5.

आणि जालन्यात? ऊसतोडीला निघताना वयात आलेली पोर कुणाच्या भरवशावर ठेवायची, म्हणून शाळा सुटते आणि लग्न उरकले जाते. वैमानिक व्हायचे तर बारावीला गणित-भौतिकशास्त्र लागते, मग 200 तासांचे उड्डाण आणि लाखोंचा खर्च. खर्चाचे पुढे बघता येईल, आधी मुलगी बारावीपर्यंत पोचू द्या. मुलींसाठीच्या ‘मानव विकास’च्या निळ्या बस ऐन परीक्षेत रद्द होऊ नयेत, साखरशाळा आणि हंगामी वसतिगृहे कारखान्याचा बॉयलर पेटण्याआधी सुरू व्हावीत. जिल्हा परिषदेने आणि एसटीने एवढे यंदाच करावे. दिवाळी तोंडावर आहे, ऊसतोडीच्या टोळ्या लवकरच निघतील.