ओट्याच्या उंचीची गाडी

भंगारवाल्याने गाडीभोवती एक चक्कर मारली, मागच्या चाकाला पायाने ढोसून पाहिलं आणि वजनाचा अंदाज सांगितला. त्याचं काही चुकलं नाही. आमच्या जालन्यात कुठल्याही लोखंडी वस्तूचं अखेर वजनच होतं. गावोगावचं भंगार इथल्या औद्योगिक वसाहतीत येतं, विजेच्या भट्ट्यांत वितळतं आणि सळई होऊन पुन्हा गावोगावी जातं. नांगराचा फाळ असो की विहिरीवरचं इंजिन, सगळ्यांची गती एकच. त्यात एक मोडकी तीनचाकी गेली असती तर कुणाच्या लक्षातही आलं नसतं.

वाड्याची मागची भिंत पाडून नवी बांधायची होती आणि त्या भिंतीला टेकून ही गाडी दादा गेल्यापासून उभी होती. म्हणून वहिनींनीच माणूस बोलावला होता. मी म्हणालो, "वहिनी, आठ दिवस द्या." त्या आठ दिवसांचे दहा महिने झाले.

जुनी गाडी दुरुस्त करणं हा निवृत्त माणसाचा उद्योग आहे, असं कुणी म्हणेल. म्हणो बापडे. पण या दहा महिन्यांत एक प्रश्न मला सतत छळत राहिला. एका मिस्त्रीने एका माणसासाठी एकदाच बनवलेली वस्तू आपण जपायची ती कशासाठी, आणि जपायची म्हणजे नेमकं काय करायचं?

दादा माझ्याहून पाच वर्षांनी मोठा. १९५७ साली, दोन वर्षांचा असताना, त्याला ताप आला. ताप उतरला तेव्हा दोन्ही पाय लुळे पडले होते. अमेरिकेत साल्क यांची पोलिओची लस १९५५ सालीच मान्य झाली होती. ती आमच्या दारापर्यंत यायला फार वर्षं लागली. आपल्याकडे पल्स पोलिओची देशव्यापी मोहीम १९९५ साली सुरू झाली, शेवटचा रुग्ण जानेवारी २०११ मध्ये आढळला आणि २७ मार्च २०१४ रोजी देश पोलिओमुक्त असल्याचं प्रमाणपत्र मिळालं. आजच्या तरुण आईबापांनी पोलिओ झालेलं मूल पाहिलेलंही नसतं, ही केवढी मोठी गोष्ट आहे! मात्र त्याचबरोबर त्या पिढीच्या कुबड्या, कॅलिपर आणि तीनचाक्याही माळ्यावर आणि मागच्या भिंतीला जाऊन पडल्या.

दादा कुंडलिका नदीपलीकडे मोंढ्यात, एका अडत दुकानात हिशेब लिहीत असे. जुन्या जालन्यातून तो हाताने पॅडल मारायच्या सायकलीवर तिथे जाई. पुलाचा चढ आला की कुणीतरी मागून ढकलावं लागे. हे 'कुणीतरी' म्हणजे बहुधा मीच. पुढे मला बँकेत नोकरी लागली आणि सकाळी दहाला मी माझ्या टेबलाशी जखडला गेलो. तेव्हा दादाने चाचांना गाठलं.

चाचा म्हणजे आमच्या भागातले मिस्त्री. बैलगाडीच्या चाकांना धावा चढवणं आणि औतफाट्याची दुरुस्ती हा त्यांचा मूळ धंदा. त्यांनी दादाला दुकानात स्टुलावर बसवलं आणि सुतळीने त्याची मापं घेतली, शिंपी घेतो तशी. खांद्यापासून मुठीपर्यंत, कमरेपासून गुडघ्यापर्यंत. स्कूटरला मागे दोन जादा चाकं लावून देणारे तेव्हाही होते, पण चाचांना ते पसंत नव्हतं. त्यांचं म्हणणं असं : स्कूटर लाथेने चालू होते, रिक्षा हाताने. स्कूटरला मागे जाता येत नाही, रिक्षाला येतं. मग ज्याचे पाय चालत नाहीत त्याला स्कूटर कशाला द्यायची?

बजाजची मागे इंजिन असलेली रिक्षा १९७७ साली बाजारात आली होती. तशीच एक रिक्षा, अपघातात पुढून चेपलेली, चाचांनी स्वस्तात मिळवली. इंजिन, गिअर आणि डिफरन्शिअल हा सगळा संसार मागेच असल्यामुळे तो शाबूत होता. वळताना बाहेरच्या चाकाला आतल्या चाकापेक्षा जास्त अंतर कापावं लागतं. ती सोय डिफरन्शिअल करतं, नाहीतर एक चाक फरफटतं. पुढचा भाग दादाने घेतलेल्या जुन्या चेतक स्कूटरचा. मधे पाइप आणि अँगलची चौकट. पायाचं ब्रेक पेडल कापून त्याला उजव्या हाताचा दांडा जोडला, कारण डावा हात क्लच आणि गिअरमध्ये गुंतलेला. सीटमागे कुबड्या खोचायला पाइपचे दोन तुकडे. १९८६च्या दिवाळीत ही गाडी आमच्या ओट्याला लागली, आणि त्या दिवसापासून दादाला पुलावर ढकलणारा माणूस लागला नाही.

आता माझी बाजू सांगतो. दादाची गाडी पाहून आणखी चार-पाच जण चाचांकडे चौकशी करू लागले. चाचांना वेल्डिंगचा चांगला संच आणि थोडं खेळतं भांडवल हवं होतं. ते माझ्या शाखेत आले. बरोबर घडी घातलेला खाकी कागद होता. त्यावर गाडीचं पेन्सिलने काढलेलं चित्र, बाजूला मापं. ग्राहकांना कर्ज मिळालं तर गाड्या खपतील, असाही त्यांचा विचार होता. तोही चुकीचा नव्हता. दुर्बल घटकांसाठी ४ टक्के व्याजाची योजना १९७२ सालापासून बँकांकडे होतीच. पण मला कोटेशन हवं होतं, प्रकल्प अहवाल हवा होता, वाहनाच्या नमुन्याला मान्यता हवी होती. खाकी कागद मी अर्जासोबत परत केला. नियमाप्रमाणे माझं काहीही चुकलं नव्हतं. त्यांचं दुकान शाखेपासून दहा मिनिटांच्या अंतरावर होतं. तिथे जाऊन पाहावं, असं मात्र मला एकदाही वाटलं नाही. भाऊ त्याच माणसाच्या गाडीवर रोज फिरत असताना!

पुढे बऱ्याच वर्षांनी इंग्लंडमधली एक हकीकत वाचली आणि हा प्रसंग नव्याने टोचला. बर्ट ग्रीव्हज नावाच्या माणसाने आपल्या पांगळ्या चुलतभावासाठी अशीच मोटरची तीनचाकी बनवली होती. त्यातून १९४०च्या दशकात 'इनव्हाकार' ही कंपनी उभी राहिली. तिथल्या सरकारने या गाड्या घेऊन अपंगांना दिल्या आणि हजारो माणसं त्यांवर हिंडली. सुरुवात दोन्हीकडे सारखीच, घरच्या माणसासाठी खटपट करण्याची. तिथे त्या खटपटीच्या पाठीशी सरकार उभं राहिलं. इथे टेबलामागे मी बसलो होतो. चाचांनी तशा मोजून चार गाड्या केल्या. पुढे ते ग्रिल आणि शटरच्या कामाकडे वळले, आणि काही वर्षांनी गेले.

तर अशी ही गाडी आम्ही उघडली. आम्ही म्हणजे मी आणि दादाचा मुलगा. तो पुण्याला वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात आहे, सुटीला यायचा. पिस्टन सिलिंडरमध्ये जाम झाला होता. प्लगच्या भोकातून डिझेल सोडून आठवडाभर तसाच ठेवला आणि रोज थोडाथोडा हलवत मोकळा केला. टाकीत मूठभर नट टाकून ती घुसळली, तेव्हा आतला गंज सुटला. कार्ब्युरेटरच्या बारीक भोकांत जुनं पेट्रोल राळेसारखं चिकटलं होतं. क्रँकची सीलं बदलली, कारण टू-स्ट्रोक इंजिन पेट्रोल आणि हवेचं मिश्रण आधी क्रँकच्या पेटीत ओढतं; सील गळकं असेल तर नको ती हवा आत शिरते आणि पिस्टन तापतो. आजच्या पेट्रोलमध्ये इथेनॉल असतं, ते जुन्या रबराला मानवत नाही, म्हणून नळ्याही नव्या घातल्या. इथवर काका-पुतण्यांत मतभेद नव्हता.

मतभेद झाला तो सीटवरून. पुतण्या म्हणाला, "काका, सीट फार उंच आहे. वळणावर गाडी कलंडेल. चार इंच खाली घेऊ." शास्त्राप्रमाणे त्याचं बरोबर होतं. शिवाय चौकटीच्या तळाशी एक जाडजूड लोखंडी पट्टी वेल्ड केलेली होती. तिला ना कशाचा आधार, ना तिच्यावर कशाचा भार. "हे उगीच वजन आहे, कापून टाकू," असंही तो म्हणाला. मला उत्तर सुचेना. कापण्याआधी एकदा गाडी पुढच्या दारी नेऊ या, एवढंच मी म्हणालो.

गाडी ढकलत ओट्याशी लावली. सीट ओट्याच्या जवळजवळ पातळीत आली, फक्त एक इंच खाली. मधल्या काळात ओट्यावर शहाबादी फरशी बसवली होती, तिच्या जाडीइतकी खाली! दादाला कुणी उचललेलं आवडत नसे. तो ओट्यावर येऊन बसे आणि सरकत सीटवर जाई. सीट चार इंच खाली घेतली असती तर रोज संध्याकाळी परत ओट्यावर चढताना त्याला कुणाचा तरी हात लागला असता. आणि ती लोखंडी पट्टी? सीट उंच ठेवल्याने जो तोल गेला, तो चाचांनी तळाशी वजन देऊन परत मिळवला होता. पुतण्या बराच वेळ उकिडवा बसून त्या पट्टीकडे पाहत राहिला. मग ब्रेकच्या दांड्याकडे त्याने माझं लक्ष वेधलं. तिथे तीन भोकं होती, त्यांतलं फक्त मधलं वापरात. चाचांनी दादाचा हात नीट पोचेपर्यंत तीनदा प्रयत्न केला होता.

त्या दिवशी आम्ही एक नियम ठरवला. जे झिजतं ते नवं घालायचं : टायर, केबल, ब्रेकचे लायनर, वायरिंग, रबर. जे कुणीतरी विचार करून ठरवलं आहे, त्याला कारण कळेपर्यंत हात लावायचा नाही. माझ्या मते हाताने घडवलेल्या कुठल्याही जुन्या वस्तूच्या दुरुस्तीला हा नियम लागू पडावा. कंपनीच्या गाडीचं मूळ रूप कसं होतं, ते पुस्तिकेत पाहता येतं. या गाडीची पुस्तिका कधी निघालीच नाही. चाचांचा मुलगा आता तेच दुकान चालवतो. त्याला विचारलं, तर खाकी कागद कधीच हरवला म्हणाला. मी परत केलेला तो कागद! म्हणजे चाचांचं ज्ञान आता त्या लोखंडातच तेवढं उरलं आहे. ते भट्टीत गेलं असतं तर संपलंच असतं. आणि चकाचक करण्याच्या नादात सीट कापली असती, पट्टी काढली असती, तरी संपलंच असतं.

सरकारदरबारी या गाडीला जागा नाही. २०२१ साली जुन्या ऐतिहासिक वाहनांच्या नोंदणीचे नियम आले. ते पन्नास वर्षांहून जुन्या आणि मूळ रूपातल्या दुचाकी-चारचाकींसाठी आहेत. आमच्या गाडीला चाकं तीन, वय कमी, आणि मूळ रूप कोणतं म्हणायचं, स्कूटरचं की रिक्षाचं? अपंगांसाठी फेरफार केलेल्या वाहनांची स्वतंत्र व्याख्या मोटार वाहन कायद्यात २०१९च्या दुरुस्तीने आली. १९८८च्या मूळ कायद्यात अपंगांचं वाहन खास त्यांच्यासाठीच बांधलेलं असावं, नुसता फेरफार केलेलं नसावं, अशी अट होती. ही गाडी आम्ही रस्त्यावर काढणार नाही, हेही सांगून टाकतो. तिच्या चौकटीची कसोटी कुणी घेतलेली नाही आणि रस्ता इतरांचाही असतो. इंग्लंडने त्या इनव्हाकार २००३ साली रस्त्यावरून हटवल्या, त्याही सुरक्षिततेच्या कारणानेच. जपणं म्हणजे वापरणंच, असं थोडंच आहे?

पुतण्याने एकेक भाग मोजून गाडीची रीतसर रेखाचित्रं केली. मी त्यांना टिपण जोडलं : कोणता भाग कुठला, का निवडला, कुठे बदल केला. १९८६ साली जो अहवाल मी चाचांकडे मागत होतो, तो आता मीच लिहून काढला. त्याची एक प्रत चाचांच्या मुलाला दिली. त्याने चित्र उलटसुलट करून पाहिलं आणि म्हणाला, "रिव्हर्सचा दांडा आधी दुसऱ्या बाजूला होता. अब्बांनी मागाहून बदलला. मी तेव्हा लहान होतो, टॉर्च धरून उभा होतो." तेवढी दुरुस्ती आम्ही चित्रात केली.

वाचकांपैकी कुणाच्या घरी अशी वस्तू असेल, तर तिचं वजन करण्याआधी तिची मापं घ्या. कुणासाठी केली, कुणी केली, कशी वापरली, हे वापरणाऱ्याला किंवा पाहणाऱ्याला विचारून लिहून ठेवा. गावात तंत्रनिकेतन असेल तर तिथल्या पोरांना दाखवा. आणि बँकेत माझ्या जागी आज जे तरुण बसले असतील, त्यांना एवढंच सांगणं आहे : कुणी खाकी कागद घेऊन आलं तर नकार द्यायच्या आधी दहा मिनिटं चालून त्याचं दुकान पाहून या.

गेल्या महिन्यात एका रविवारी आम्ही अंगणात इंजिन चालू केलं. दांडा तिसऱ्यांदा ओढल्यावर ते फुटफुटलं आणि निळ्या धुराने अंगण भरून गेलं. वहिनी ओट्यावर बसून होत्या. धूर ओसरल्यावर त्या काही न बोलता सरकत सीटवर गेल्या, पदर सावरला आणि हात ब्रेकच्या दांड्यावर ठेवला. थोडा वेळ तशाच बसल्या. मग पुतण्याला म्हणाल्या, "गवंड्याला सांग, भिंत चार फूट पलीकडे घे म्हणावं. हिला जागा लागेल."