नकाशा कोणासाठी?

'विकास' हा शब्द निवडणुकीच्या दिवसांत भिंतीभिंतींवर रंगवलेला दिसतो. पण शहराचा विकास आराखडा तयार करणे ही नगरपालिकेची मर्जी नसून कायद्याने तिच्यावर टाकलेले कर्तव्य आहे, हे किती जणांना ठाऊक आहे?

महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ सांगतो की घरे कोठे, कारखाने कोठे, रस्ते किती रुंद, शाळा, दवाखाना आणि मैदान यांसाठी कोणती जागा राखायची, हे आधी ठरवा. निदान २० वर्षांतून एकदा त्याचा फेरविचार करा. १९९२ च्या ७४ व्या घटनादुरुस्तीने जोडलेल्या बाराव्या अनुसूचीतही पहिला विषय नगररचनेचाच आहे.

मग मैदाने जातात कोठे? कायद्याच्या कलम १२७ मध्ये याचे एक उत्तर सापडते. आराखडा अमलात आल्यावर १० वर्षांत राखीव जागा ताब्यात घेतली नाही, तर मालक नोटीस देऊ शकतो. पुढच्या २४ महिन्यांत संपादनाची पावले उचलली नाहीत, तर आरक्षण संपते. यात मालकाला दोष देता येणार नाही. एखाद्या शेतकऱ्याची जमीन नकाशावर हिरवी रंगवून वर्षानुवर्षे अडकवणे हाही अन्यायच! दोष आहे तो मुदत उलटेपर्यंत स्वस्थ बसणाऱ्यांचा. पैसा नसेल तर मोबदल्यात विकास हक्क देण्याची वाट कायद्यानेच ठेवली आहे.

मसुद्यावर हरकती घ्यायला ३० दिवस मिळतात. सूचना राजपत्रात व वर्तमानपत्रात येते. आमच्या वस्तीत राजपत्र येत नाही, आणि आले तरी 'उपरोक्त' व 'तत्सम' यांच्या जंगलात आमची माणसे हरवतील. ज्याची जमीन मोठी, त्याचा वकील मात्र पहिल्याच दिवशी नकाशापुढे उभा असतो. हरकतींनी काय होते, असे कोणी विचारील. मुंबईच्या आराखड्याचा मसुदा २०१५ साली प्रसिद्ध झाला, तेव्हा लोकांनी चुकांवर बोट ठेवले. शासनाला तो नव्याने तपासायला सांगावे लागले, आणि सुधारित आराखडा २०१८ साली मंजूर झाला.

मित्रमैत्रिणींनो, माझ्या घरात सरकारी मराठी वाचू शकणारी मी पहिलीच. आपल्यापैकी अनेकांचे असेच असेल. मग आपल्या शिक्षणाचा उपयोग केवळ नोकरीच्या अर्जापुरताच का? गावाचा आराखडा लागेल तेव्हा तो चावडीवर, पारावर मोठ्याने वाचून दाखवू या. नकाशा न वाचणाऱ्यांच्या वस्तीतून रस्ता जातो. मैदान मात्र दुसरीकडे जाते.