हुर्यो

२४ ऑगस्ट २०१९. इंडियानापोलिसचं लुकास ऑइल स्टेडियम, शनिवारची संध्याकाळ. कोल्ट्स विरुद्ध शिकागो बेअर्स, तोही हंगामाआधीचा सरावाचा सामना. अँड्र्यू लक खेळत नव्हता, साध्या कपड्यांत कडेला उभा होता. सामना चालू असतानाच बातमी फुटली की हा निवृत्त होतोय. वय वर्षं २९! सामना संपल्यावर तो आत जायला निघाला आणि त्याच्याच गावच्या प्रेक्षकांनी त्याची हुर्यो उडवली.

ती हुर्यो मला आजही पटत नाही, म्हणून हा लेखप्रपंच.

घरच्या मंडळींसाठी थोडी प्रस्तावना. हा फुटबॉल म्हणजे अंडाकृती चेंडूचा, हेल्मेटवाला. (आई, तू ज्याला 'मारामारी' म्हणतेस तो.) त्यातला क्वार्टरबॅक म्हणजे ज्याच्या हातातून सगळा डाव चालतो तो. चेंडू फेकायला त्याला जेमतेम दोन-तीन सेकंद मिळतात आणि तेवढ्यात समोरून सव्वाशे-दीडशे किलोची माणसं त्याला आडवं करायला धावत येतात. लकची गंमत अशी की कुणी जोरात आपटलं की हा उठून त्यालाच शाबासकी द्यायचा :) समोरचे बिचारे गोंधळून जायचे.

२०१२ साली तो संपूर्ण ड्राफ्टमध्ये पहिला निवडला गेला, तेही पेटन मॅनिंगच्या जागेवर. वडील ऑलिव्हर लक हेही एकेकाळचे क्वार्टरबॅक. म्हणजे खेळ घरातलाच. आणि मग सुरू झालं दुखण्यांचं सत्र. बरगड्या, पोटाचा स्नायू, मूत्रपिंडाला चीर... आणि खांदा. खांद्यावर जानेवारी २०१७ मध्ये शस्त्रक्रिया झाली आणि तो अख्खा हंगाम गेला. २०१८ मध्ये परतला तो ३९ टचडाउन पास फेकून, पुनरागमनाचा पुरस्कार घेऊनच. लोक म्हणाले, सुटलो! २०१९ च्या उन्हाळ्यात पोटरी आणि घोटा धरला.

त्या रात्री पत्रकारांपुढे डोळे पुसत त्याने सांगितलं ते साधं होतं. दुखापत, वेदना, उपचार, पुन्हा दुखापत या चक्रात खेळातला आनंदच संपला. २०१६ मध्ये दुखणं अंगावर काढून खेळलो, तसं पुन्हा करायचं नाही असं स्वतःला वचन दिलं होतं.

आता हुर्यो करणाऱ्यांचीही बाजू आहे. हंगाम दोन आठवड्यांवर, तिकिटांचे पैसे भरलेले, आणि कर्णधार जहाज सोडून निघाला. शिवाय २०१६ चा तो चौदा कोटी डॉलरचा करार! पैसे घेतलेत ना, मग खेळा की. पण करार खेळण्याचा असतो, शरीराचं खरेदीखत नसतं. स्वतः कोल्ट्सनी त्याच्याकडून परत मागता आले असते असे जवळपास अडीच कोटी डॉलर मागितले नाहीत. ज्यांचे पैसे होते त्यांना कळलं, गॅलरीतल्यांना कळलं नाही.

आपणही काही वेगळे नाही म्हणा. २००२ मध्ये अँटिग्वाला कुंबळेने मोडलेला जबडा बांधून गोलंदाजी केली, लाराला बाद केलं, ते आठवून आजही माझ्या अंगावर काटा येतो. पण ते एका डावापुरतं होतं, नंतर तो शस्त्रक्रियेसाठी घरी निघाला. दर आठवड्याला, वर्षानुवर्षं तेच मागायचं म्हणजे कौतुक राहत नाही, वेठबिगारी होते.

आणि घरी काय चाललं होतं? बायको निकोल स्वतः जिम्नॅस्ट, म्हणजे दुखापत म्हणजे काय हे तिला शिकवायला नको. २०१७ मध्ये खांद्याच्या उपचारासाठी तो नेदरलँड्सला होता, तेव्हा हा माणूस इतका आत वळला होता की दोघांच्या नात्यालाच तडा जायची वेळ आली होती. हे पुढे २०२२ मध्ये एका मोठ्या मुलाखतवजा लेखातून बाहेर आलं. मार्च २०१९ मध्ये प्राग इथे लग्न, आणि निवृत्तीच्या वेळी पहिलं बाळ वाटेवर. हुर्यो करणाऱ्या हजारोंपैकी एकही जण ते मूल कडेवर घ्यायला खांदा उसना देणार नव्हता!

असो. पुढे तो परत स्टॅनफर्डला गेला, शिक्षणशास्त्रात पदव्युत्तर शिकायला. पहिली पदवी तिथलीच, वास्तुरचनेतली. मग शेजारच्या शाळेतल्या पोरांना फुटबॉलही शिकवू लागला. नोव्हेंबर २०२४ मध्ये स्टॅनफर्डने त्याला आपल्या फुटबॉल संघाचा जनरल मॅनेजर केलं. खेळाडू आणायचे, पैसा उभा करायचा, प्रशिक्षक नेमायचे. टॅकल मात्र कुणी करत नाही.