विमानाला तळ, होडीला काय?



या वेळचा अग्रलेख कांद्यावर नाही, कापसावर नाही, वीजबिलावरही नाही. तो आहे विमानतळावर, आणि त्यातही विमानतळावरच्या पार्किंगवर. वाचून काही जण म्हणतील, यांना आता शेतीचे प्रश्न उरले नाहीत वाटते. विमानात बसणारे बसतील, गाडी लावणारे लावतील, आपल्याला त्याचे काय? आमचे म्हणणे असे की, ज्याची जमीन गेली आणि ज्याची खाडी बुजली, त्यानेच पहिल्यांदा विचारले पाहिजे की त्या जागेवर कोणाची सोय झाली. जमीन द्यायची आपण आणि नकाशा पाहायचा दुसऱ्यांनी, ही चूक आपण आजवर पुष्कळ वेळा केली आहे.

सुरुवात मुंबईच्या दक्षिण टोकापासून करू. कफ परेडला मच्छीमार नगर नावाची वस्ती आहे. मागे समुद्र हटवून केलेल्या भरावावर उंच इमारती आणि पुढे कोळ्यांच्या होड्या. ओहोटी लागली की होड्या चिखलात कलंडतात, काठावर जाळी वाळत पडतात. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री मुंबईवर हल्ला करणारे अतिरेकी रबरी होडीतून याच काठाला उतरले आणि ‘तुम्ही कोण?’ असे त्यांना पहिल्यांदा विचारले ते इथल्या मच्छीमारांनी. त्या रात्रीपासून सरकार या काठाकडे पहाऱ्याच्या नजरेने पाहते. सोयीच्या नजरेने कधी पाहणार, हा प्रश्न आहे.

८ ऑक्टोबर २०२५ या एकाच दिवशी दोन उद्घाटने झाली. एक, भुयारी मेट्रो कफ परेडपर्यंत आली. आरे ते कफ परेड, साडेतेहतीस किलोमीटर, २७ स्थानके. मच्छीमार नगराच्या माणसाने आता कफ परेडला जमिनीखाली उतरावे आणि थेट सांताक्रूझ किंवा सहारच्या विमानतळाखाली निघावे. या टोकापासून त्या टोकापर्यंत तिकीट ७० रुपये. दुसरे उद्घाटन नवी मुंबई विमानतळाचे. उलवे-पनवेलच्या ११६० हेक्टरवर हा विमानतळ उभा आहे. २५ डिसेंबर २०२५ पासून तेथून प्रवासी विमाने उडू लागली. पहिल्या टप्प्याची क्षमता वर्षाला दोन कोटी प्रवाशांची, खर्च सुमारे १९,६५० कोटी रुपयांचा.

दोन्ही कामे मोठी आहेत. ती करणाऱ्या अभियंत्यांचे आणि कामगारांचे कौतुक करण्यात आम्ही हात आखडता घेणार नाही. ‘हे तर विकासाचे विरोधक’ असा शिक्का मारणाऱ्यांना आम्ही आधीच सांगून ठेवतो की विमान आम्हालाही हवे आहे. हापूस आंबा २००७ पासून अमेरिकेला जाऊ लागला तो विमानानेच. २०२० आणि २०२१ मध्ये करोनामुळे तिकडचे तपासनीस येऊ शकले नाहीत, निर्यात बंद पडली आणि विमानाची व तपासणीची किंमत काय असते, हे आंबेवाल्यांना कळले. नाशवंत माल पिकवणाऱ्याला आणि पकडणाऱ्याला वेग हवाच असतो. म्हणूनच आमचा प्रश्न विमानतळ असावा की नसावा, असा नाही. तो कोणाच्या सोयीचा असावा, असा आहे.

आता थोडा इतिहास. मुंबईचा पहिला विमानतळ जुहूचा, १९२८ सालचा, समुद्राकाठच्या सपाट दलदलीच्या जागेवरचा. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा कराचीहून टपाल घेऊन तिथेच उतरले. पावसाळ्यात जुहूच्या मैदानात पाणी साचे, म्हणून टाटांची विमाने पावसापुरती पुण्याला हलवावी लागत. पावसाळा लागला की कोळी जसा होडी ओढून वर घेतो, तशीच ही विमाने वर घेतली जात. दोघांची गरज एकच होती, उभे राहायला कोरडी जागा! पुढे लढाईच्या काळात सांताक्रूझला लष्करी धावपट्टी झाली आणि १९४८ साली नागरी विमानेही तिकडे गेली. मग सहारचे टर्मिनल झाले. २०१४ साली नवे टर्मिनल आले. शेजारी मोटारी ठेवायला कित्येक मजल्यांचा वाहनतळ आला. मोटारीला छप्पर मिळाले, लिफ्ट मिळाली, पावती मिळाली.

तरीही जागा पुरेना. मुंबईत विमाने उतरायला रांग आणि रात्री उभी करायला जागा नाही, ही तक्रार वर्षानुवर्षे चालली. सरकारने ती ऐकली. उलव्याची टेकडी कापून सपाट केली, उलवे नदीचा प्रवाह वळवला, पाणथळ जागा भरून काढल्या, दहा गावे उठवली. विमान उभे करायला जागा नाही म्हटल्यावर डोंगर हलतो आणि नदी वळते. आम्हाला यातून एवढेच शिकायचे आहे की ‘जागा नाही’ हे उत्तर खरे नसते. कोणासाठी जागा काढायची, हे आधी ठरलेले असते.

आता होडीचे पार्किंग पाहा. दरवर्षी १ जून ते ३१ जुलै असे ६१ दिवस यांत्रिक नौकांना मासेमारी बंद असते. माशांच्या विणीचा काळ असतो आणि बंदी रास्त आहे. पण त्या ६१ दिवसांत होडी ठेवायची कुठे? ती किनाऱ्यावर ओढावी लागते, डागडुजी करावी लागते, रंग द्यावा लागतो. जाळी विणायला आणि वाळवायला मोकळे मैदान लागते. मासळी सुकवायला ओटे लागतात. हे सगळे कोळ्याच्या धंद्याचे आवार आहे, जसे आपल्याला खळे. सातबाऱ्यावर खळ्याची नोंद असो वा नसो, खळ्याशिवाय रास होत नाही. शहराच्या नकाशात मात्र जाळी वाळवायची जागा ‘मोकळी’ म्हणून दिसते, आणि मोकळ्या जागेवर नजर सगळ्यांची असते.

मासळी बाजारात न्यायची तर काय सोय आहे? मुंबईच्या लोकल गाडीला निदान लगेजचा डबा असतो. कोळीण पाटी घेऊन त्यात चढते, भाजीवाला टोपली घेऊन चढतो. कफ परेडच्या नव्या मेट्रोला आठ डबे आहेत आणि त्यांत लगेजचा डबा एकही नाही. रस्त्याने जायचे म्हटले तर कफ परेडहून नव्या विमानतळाकडे जाण्याचा जवळचा मार्ग शिवडीहून अटल सेतूचा. १२ जानेवारी २०२४ ला तो खुला झाला. जवळजवळ २२ किलोमीटर लांब, त्यातला साडेसोळा किलोमीटर पाण्यावर. या पुलावर मोटारसायकलला बंदी, रिक्षाला बंदी, बैलगाडीला बंदी आणि धिम्या ट्रॅक्टरलाही बंदी. वेगवान रस्त्यावर धिम्या गाड्या नकोत, हे सुरक्षेच्या दृष्टीने आम्ही समजू शकतो. पण मग धिम्या गाडीवाल्याची वाट कोणती, तेही त्याच नकाशात दाखवायला नको का?

खाडीच्या पलीकडची कहाणी आपल्यापैकी पुष्कळांना पाठ आहे. तरी नव्या पिढीसाठी पुन्हा सांगतो. १९७० साली सिडको स्थापन झाली आणि ठाणे, पनवेल, उरण भागातल्या ९५ गावांच्या जमिनी नव्या शहरासाठी लागल्या. भातशेती गेली, मिठागरे गेली. जानेवारी १९८४ मध्ये जासई-दास्तान फाटा परिसरात शेतकरी रस्त्यावर उतरले, गोळीबार झाला, पाच जण हुतात्मे झाले. त्या लढ्याचे नेते दि. बा. पाटील. त्या लढ्यातून साडेबारा टक्क्यांचे तत्त्व आले, म्हणजे संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के इतका विकसित भूखंड मूळ मालकाला परत. त्यातूनही पावणेचार टक्के सामाजिक सुविधांसाठी वजा होऊन हाती पावणेनऊ टक्के. म्हणजे १०० गुंठे दिलेल्याला पावणेनऊ गुंठे! विमानतळाच्या वेळी हाच आकडा साडेबावीस टक्क्यांवर गेला. हा फरक कोणा अधिकाऱ्याच्या दयेने पडलेला नाही. तो १९८४ च्या रक्ताने आणि नंतरच्या कागदी लढाईने पडला. २०२१ मध्ये विमानतळाला दि. बां.चे नाव द्या म्हणून हजारो माणसे रस्त्यावर उभी राहिली. २०२२ साली राज्य विधिमंडळाने तसा ठराव केला. तरीही उद्घाटनाच्या दिवशी पाटीवर ते नाव नव्हते.

जमीनवाल्याकडे निदान सातबारा होता. खाडीत जाळे टाकणाऱ्याकडे कोणता उतारा? भरती-ओहोटीचा सातबारा निघत नाही. म्हणून त्याचे नुकसान मोजायलाच कोणी तयार नसते. २०१५ साली राष्ट्रीय हरित लवादाने उरण भागातल्या १६३० मच्छीमार कुटुंबांना सुमारे ९५ कोटी रुपये भरपाई देण्याचा आदेश बंदर, सिडको आदींना दिला, तेव्हा पाण्यावरही हक्क असतो, हे एकदाचे कागदावर आले. जमीन गेलेला शेतकरी आणि खाडी गेलेला कोळी हे एकाच घरचे दोन भाऊ आहेत, असे आम्ही म्हणतो ते भावनेपोटी नाही. दोघांच्याही पायाखालची जागा एकाच नकाशाने काढून घेतली.

आता कोणी म्हणेल, भरपाई मिळाली, भूखंड मिळाले, आणखी काय हवे? आमचे उत्तर असे. भरपाई एकदाच मिळते, विमानतळ शंभर वर्षे चालतो. भरपाईचा पैसा लग्नात, घरात, गाडीत जातो. पुढच्या पिढीला त्या आवारात काय मिळते हा खरा हिशेब. तेथे नाशवंत मालासाठी शीतगृह असेल तर त्यात दहा पेट्यांवाल्याला जागा आहे का? टेम्पो उभा करायला जागा कुठे आणि दर काय? टेम्पोचालक रात्री थांबला तर त्याला पाठ टेकायला, अंघोळीला सोय आहे का? एस. टी. दारापर्यंत जाते का? झाडूवाल्या बाईला चहा कितीला पडतो? डिसेंबर २०२४ मध्ये कोलकात्याच्या विमानतळावर दहा रुपयांत चहा देणारे उपाहारगृह सरकारने सुरू केले, तेव्हा ती देशभर बातमी झाली. दहा रुपयांचा चहा ही बातमी व्हावी, यातच प्रवासी सुविधा आजवर कोणासाठी होत्या, ते आले.

आणि मागितल्याने मिळते, याचा पुरावा मुंबईतच आहे. वरळी कोळीवाड्यासमोर सागरी किनारा रस्त्याचे खांब उभे राहायचे होते. दोन खांबांत ६० मीटर अंतर, असा आराखडा होता. वाऱ्या-लाटेत होडी खांबावर आदळेल, असे कोळ्यांनी सांगितले. त्यांनी नुसती घोषणाबाजी केली नाही. अंतर किती हवे ते मीटरमध्ये मागितले, काम अडवून धरले. मागितले त्यापेक्षा कमी, पण डिसेंबर २०२२ मध्ये १२० मीटर पदरात पडले. पूलही झाला आणि होडीची वाटही राहिली.

म्हणून जिल्हा बैठकीत पुढील मागण्यांवर चर्चा व्हावी, असे आम्ही सुचवतो.

१) विमानतळ असो, बंदर असो की सेतू, आराखडा मंजूर होण्याआधी शेतमालाच्या गाड्यांची आणि होड्यांची जागा नकाशावर चौरस मीटरमध्ये दाखवावी.

२) जाळी वाळवण्याच्या आणि होड्या ओढण्याच्या जागा कोळीवाड्यांच्या नावे नोंदवाव्यात. मच्छीमार नगरापासून सुरुवात करावी.

३) माल-विभागात लहान शेतकऱ्याचा आणि मच्छीमार सोसायट्यांचा माल घेणारी खिडकी असावी, वजन, शीतगृह, तपासणी यांचे दर मराठीत फळ्यावर लावावेत.

४) नवी मुंबई विमानतळात सिडकोचा २६ टक्के हिस्सा आहे. तो हिस्सा मुळात आपल्याच जमिनीतून आला. त्यावरचे उत्पन्न, पार्किंगच्या पावत्यांसकट, दरवर्षी जाहीर व्हावे आणि त्यातला ठरलेला वाटा प्रकल्पग्रस्त गावांच्या शाळा-दवाखान्यांना मिळावा.

५) विकसित भूखंडाचा ताबा आधी, जमिनीचा ताबा मागाहून.

ही चर्चा रायगड-ठाण्यापुरती नाही. २०१६ पासून पुरंदर तालुक्यातली सात गावे विमानतळाच्या छायेत आहेत. २०२५ मध्ये सर्वेक्षणाच्या वेळी तेथे शेतकरी आणि पोलीस समोरासमोर आले. उद्या आणखी कोणाची पाळी येईल. जमीन द्यायची की नाही, हे ठरवण्याचा अधिकार त्या त्या गावाचा. पण जो देईल त्यानेही आणि जो नाकारील त्यानेही नकाशा मागून घेऊन, मांडीवर पसरून वाचायला शिकले पाहिजे.

बैठकीला येताना प्रत्येकाने आपल्या तालुक्यातल्या एका प्रकल्पाचा नकाशा घेऊन यावा. त्यात मोटारींची जागा किती आणि आपली किती, एवढे दोन आकडे काढून आणावेत. भाषणे आम्ही कमी करू. पहिला तास त्या आकड्यांना देऊ.