पुस्तकं कपाटात, किल्ली खिशात

१५ ऑक्टोबरला वाचन प्रेरणा दिन झाला. दिवसभर माझ्या व्हॉट्सअ‍ॅपवर शाळांचे फोटो येत होते. कलामसाहेबांच्या फोटोला हार, ओळीत बसलेली पोरं, प्रत्येकाच्या हातात पुस्तक. "साहेब, बातमी लावा." लावल्या. २०१५ पासून दरवर्षी लावतोय. यंदा मात्र फोन करणाऱ्या तीन गुरुजींना विचारलं, १६ तारखेला ती पुस्तकं कुठं होती? तिघांचंही उत्तर एकच. कपाटात. आणि कपाटाला कुलूप.

लगेच मास्तरांना शिव्या घालू नका. पुस्तकाची नोंद डेडस्टॉकला, म्हणजे टेबल-खुर्चीच्या रांगेत. बदली झाली की चार्ज देताना यादीप्रमाणे एकेक पुस्तक मोजून द्यायचं. चार कमी भरली तर खिशातून भरा, नाहीतर खुलासा लिहीत बसा. तिसरीतल्या पोराने घरी नेलेलं पुस्तक शेळीनं खाल्लं, तर तो खुलासा कुठल्या रकान्यात बसतो? मग शहाणा माणूस काय करेल? कुलूपच लावेल.

गंमत म्हणजे दिल्लीच्या सरकारला हे कळतं. केंद्राच्या २०१७ च्या सामान्य वित्तीय नियमांत नियम २१५ आहे. वर्षभरात हजार पुस्तकं दिली-घेतली गेली आणि त्यातली पाच हरवली, तर ते वाजवी नुकसान धरावं, फक्त त्यात लबाडी किंवा हयगय नसावी, असं त्यात आहे. तो नियम केंद्राच्या कार्यालयांसाठी, आपल्या जिल्हा परिषद शाळांना थेट लागू नाही, मान्य. पण मोठ्या माणसांच्या वाचनालयात हजाराला पाच माफ, आणि सहा वर्षांच्या पोरांच्या शाळेत गुरुजींच्या मनात वसुलीची धास्ती, हे कुठलं शहाणपण? पोरांच्या शाळेत हजाराला पन्नास धरा की! फाटलेलं पुस्तक हे वाचलेलं पुस्तक असतं. शाळेत नवं कोरं राहिलेलं पुस्तकच खरं वाया गेलेलं. हे एक परिपत्रक काढायला एक रुपया लागत नाही. जिल्हा परिषदेवर निवडून जायला निघालेल्या आमच्या मंडळींनी आधी एवढं मागून दाखवावं.

आता पैशाचं. शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात प्रत्येक शाळेत ग्रंथालय असावं, त्यात वर्तमानपत्र, मासिकं, सगळ्या विषयांची आणि गोष्टींची पुस्तकं असावीत, असं स्पष्ट आहे. (वर्तमानपत्र माझा धंदा म्हणून सांगत नाही, कायद्यातच आहे.) समग्र शिक्षा योजनेत प्राथमिक शाळेच्या ग्रंथालयाला वर्षाला ५,००० रुपयांपर्यंत अनुदानाची तरतूद. ६० पटाच्या शाळेत भागाकार करा: पोरामागे ८३ रुपये. वर्षाचे. एक बऱ्यापैकी चित्रांचं पुस्तक आलं की संपलं. तेही मिळालं तर, वेळेवर मिळालं तर, आणि पुस्तकं वरून ठरून आली नाहीत तर.

ग्रंथपालाचं तर बोलूच नका. माध्यमिक शाळांतले अर्धवेळ ग्रंथपाल पूर्णवेळ करा म्हणत वर्षानुवर्षं झगडताहेत. प्राथमिक शाळेत ते पदच नाही.

मग आपले दानशूर पुढे येतात. वाढदिवसाला शाळेला पुस्तकं भेट, सोबत फोटो. गठ्ठा उघडून बघा कधी: जुनी गाईडं, मुलाची सुटलेली स्पर्धा परीक्षा, कुणाच्या तरी नेत्याचा गौरवग्रंथ. चौथीतल्या पोरीनं गौरवग्रंथ वाचायचा? शाळा म्हणजे रद्दीचं दुकान नाही. द्यायचंच असेल तर आधी गुरुजींना विचारा, यादी घ्या. 'किशोर' मासिकाची वर्गणी भरा. बालभारतीचं आहे, १९७१ पासून निघतंय, दर महिन्याला पोरं वाट बघतील.

पण माझा मुद्दा दानाचा नाहीच. राज्यघटनेच्या ११ व्या अनुसूचीत पंचायतींसाठी जे २९ विषय दिलेत, त्यात शिक्षण आहे आणि ग्रंथालयं हा वेगळा विषय आहे. म्हणजे ग्रामपंचायतीनं आपल्या उत्पन्नातून शाळेत पुस्तकं घेतली, दुपारी दोन तास पुस्तकं वाटायला गावातल्या एखाद्या शिकलेल्या सुनेला मानधन दिलं, तर ते उपकार नव्हेत, तिचं कामच आहे. कमानी होतात, पेव्हिंग ब्लॉक उखडून पुन्हा बसतात, हायमास्ट लागतो आणि महिन्यात बंद पडतो. ग्रंथालयाचा ठराव मात्र आमच्या तालुक्यात मी एकदाही कव्हर केलेला नाही, आणि ग्रामसभा मी कमी केलेल्या नाहीत.

सरपंच म्हणतात, कुणी मागितलंच नाही. खरं सांगतो, यात ते खोटं बोलत नाहीत. शाळा व्यवस्थापन समितीत ७५ टक्के पालक असतात. शाळा विकास आराखडा त्यांनीच करायचा असतो. त्यात स्वच्छतागृह, कंपाउंड, स्मार्ट टीव्ही असतं. पुस्तक नसतं, कारण सह्या कोऱ्या कागदावर होतात. टीव्हीला माझा विरोध नाही. पण टीव्ही घरी नेता येत नाही. पुस्तक नेता येतं, आणि घरात दुसरं पुस्तक नसलेल्या पोराला नेमकं तेच हवं असतं.

पुढच्या वर्षाचे आराखडे आता तयार होताहेत, २६ जानेवारीला ग्रामसभा आहे. समितीचे सदस्य असाल तर तीन गोष्टी लेखी द्या: पुस्तकांसाठी दरवर्षी ठरावीक रक्कम, वाटपाला माणूस, आणि हरवलेल्या पुस्तकाची वसुली गुरुजींकडून करू नये असा ठराव. अर्जाची पोच घ्या, तोंडी सांगून काही होत नाही. मसुदा मी करून ठेवलाय. कमेंटमध्ये गावाचं नाव टाका, पाठवतो.