चावडीवरचा फळा



उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूरच्या कॉलेजांत आपली मुले-मुली संगणक शिकतात. अभ्यासाचा प्रकल्प म्हणून कोणी ग्रंथालयाची वेबसाइट बनवतो, कोणी गावच्या बचत गटाची. वेबसाइट म्हणजे साऱ्या जगाला दिसणारा चावडीवरचा फळा. तो वेळेवर पुसून नवे लिहिले, तरच उपयोग.

बदलापूरच्या जांभळाचेच घ्या. हंगाम जूनच्या सुमारास, तोही थोडे दिवस. पिकलेले फळ दोन-तीन दिवसांत मऊ पडते. मुलाने हौसेने वेबसाइट केली, भाव व फोन नंबर टाकला, मार्क मिळाले आणि तो नोकरीला लागला. पुढच्या वर्षी गिऱ्हाईक जुनाच भाव वाचणार, बंद फोन लावणार. माल आपल्याच टोपलीत राहणार.

पुणे जिल्ह्यातील पाबळच्या विज्ञान आश्रमात पवईच्या आयआयटीने २००३ साली 'आक्वा' ही वेबसाइट सुरू केली. शेतकऱ्याने मराठीत प्रश्न विचारायचा, तज्ज्ञाने उत्तर द्यायचे. उत्तर देणारा माणूस मागे होता, म्हणून तिला अर्थ होता.

तेव्हा मुलांना तीन गोष्टी सांगा. वेबसाइटचे नाव मुदत संपण्याआधी पैसे भरून चालू ठेवावे लागते. ते गटाच्या नावे घ्या आणि पासवर्ड दोघांजवळ ठेवा. प्रत्येक भावापुढे तारीख घाला. आणि कॉलेज सुटण्याआधी गटातल्या एखाद्या सुनेला मजकूर बदलायला शिकवा.

पेरणी एका दिवसाची, राखण हंगामभराची. इथेही तसेच आहे.