आरशाची खोट आधी कळावी

अकोला-अमरावतीच्या खरेदी केंद्रावर कापसाची गाडी लागली की शेतकऱ्याची नजर दोन यंत्रांवर असते. एक वजनकाटा, दुसरे ओलावा मोजणारे मीटर. सरकारी हमीभाव खरेदीत ८ टक्के ओलावा प्रमाण धरतात; त्यापुढे भाव कापला जातो आणि १२ टक्क्यांवरचा कापूस नाकारला जातो. मीटर एका टक्क्याने जरी चुकले, तरी फटका घामाच्या पैशाला बसतो. म्हणूनच काट्यावर तपासणीचा शिक्का आहे का, हे पाहिले जाते. अवकाशातल्या दुर्बिणीलाही असाच शिक्का लागतो. फरक एवढाच की, ती एकदा वर गेली की काटा बदलून मिळत नाही.

ताऱ्यांकडून येणारे क्ष-किरण वातावरणातच अडतात, त्यामुळे ते टिपणारी दुर्बीण अवकाशात न्यावी लागते. तिचा आरसाही वेगळा असतो. समोरून आदळलेला क्ष-किरण आरशात शिरून नाहीसा होतो. पृष्ठभागाला अगदी घासून, साधारण एका अंशाहून कमी कोनात आला, तरच परावर्तित होतो. तळ्यात तिरपा फेकलेला चपटा खडा टप्पे घेत जातो, तसे. २८ सप्टेंबर २०१५ रोजी झेपावलेल्या भारताच्या ‘अ‍ॅस्ट्रोसॅट’वर अशी दुर्बीण आहे. ती मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या पुढाकाराने तयार झाली. सोन्याचा थर दिलेले ॲल्युमिनियमच्या पातळ पत्र्याचे ३२० आरसे तिच्यात ४० वर्तुळांत एकात एक बसवले आहेत.

असे आरसे तपासणे हे स्वतंत्र शास्त्र आहे. हवा क्ष-किरण शोषते, म्हणून निर्वात नळी हवी. किरण जवळपास समांतर यावेत म्हणून ती लांबलचक हवी. ‘नासा’च्या हंट्सव्हिल येथील अशी नळी अर्ध्या किलोमीटरची आहे. सुब्रह्मण्यन चंद्रशेखर यांच्या नावाच्या ‘चंद्रा’ दुर्बिणीचे आरसे उड्डाणाआधी तिथेच पारखले गेले. वर गेल्यावरही तपासणी थांबत नाही. ‘अ‍ॅस्ट्रोसॅट’च्या क्ष-किरण कॅमेऱ्याच्या कोपऱ्यांत किरणोत्सारी लोहाचे सूक्ष्म स्रोत आहेत. त्यांच्या किरणांची ऊर्जा ठाऊक असल्याने मापन सरकले की कळते. १५७२ मध्ये दिसलेल्या टायको ताऱ्याच्या स्फोटाचे अवशेषही याच कामी येतात.

एवढा वेळ आणि पैसा तपासणीवर कशाला, असे विचारणाऱ्याने ‘हबल’ आठवावी. १९९० मध्ये ती वर गेली आणि चित्रे धूसर आली. तिच्या प्रकाशीय आरशाची कड सुमारे २.२ मायक्रॉनने जास्त सपाट घासली गेली होती, कारण आरसा तपासणाऱ्या उपकरणातलेच एक भिंग १.३ मिलिमीटर चुकीच्या जागी होते. दुसऱ्या साध्या चाचण्यांनी दोष दाखवला होता. पण त्या कमी अचूक म्हणून बाजूला सारल्या गेल्या. नको असलेले उत्तर नाकारले गेले. १९९३ मध्ये अंतराळवीरांनी ‘हबल’ सावरली. चंद्राच्या अंतराच्या सुमारे एकतृतीयांश दूर जाणाऱ्या ‘चंद्रा’ला ती सोय नव्हती.

हीच सवय महाविद्यालयीन प्रयोगवहीत लागते. लंबकाच्या प्रयोगात उत्तर ९.८ यायला हवे, म्हणून आधी उत्तर आणि मग वाचने लिहिली जातात. व्हर्नियरची शून्य त्रुटी रकान्यात ‘नाही’ म्हणून टाकली जाते. गुण जुळलेल्या उत्तराला मिळतात, तोवर विद्यार्थ्याला दोष देण्यात अर्थ नाही. उपकरणे जुनी आहेत, तासिका अपुऱ्या आहेत, हेही खरे. पण चूक मोजायला शिकवण्यासाठी जुन्या उपकरणाइतका चांगला गुरू नाही. प्रात्यक्षिकाचे निम्मे गुण चूक शोधून प्रामाणिकपणे नोंदवण्याला द्यावेत. त्याला नवा निधी लागत नाही.

‘अ‍ॅस्ट्रोसॅट’ची निरीक्षणे ‘इस्रो’च्या संग्रहातून कोणालाही मोफत मिळतात. दर्यापूर किंवा मूर्तिजापूरच्या विद्यार्थ्यालाही संगणकावर ती उघडता येतील. या दुर्बिणीची प्रतिमा ‘चंद्रा’पेक्षा बरीच धूसर असते, पण किती धूसर, हे मोजून ठेवलेले आहे. म्हणूनच तिच्यावर संशोधन उभे राहते. खोट नसलेला आरसा कुठेच नसतो. भरवसा खोट मोजलेल्या आरशावर ठेवता येतो.